‘कसंतरी होतंय’चं इंग्रजी

वॉर्डात माझा तिसरा आठवडा चालू होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘आय हॅव कम ओव्हर ऑल फनी, लव्ह.’’ फनी म्हणजे गमतीदार, एवढं मला माहीत होतं. आजींना काहीतरी गंमत आठवली असेल असं समजून मी त्यांच्याकडे बघून हसले आणि शेजारच्या खाटेवरची औषधं द्यायला वळले. तेवढ्यात पलीकडून आमची हेल्थकेअर असिस्टंट धावत आली. तिनं आजींना धरलं, मला हाक मारली. दोघींनी मिळून त्यांना पलंगावर आडवं केलं, पाय वर घेतले. वरचं ब्लडप्रेशर 84 होतं. ओठांवर रक्ताचा टिपूस नव्हता. आणि मी त्यांच्याकडे बघून हसले होते.

दहा मिनिटांत त्या सावरल्या. नव्यानं सुरू केलेली प्रेशरची गोळी डॉक्टरांनी कमी केली. संध्याकाळी असिस्टंटनं मला सांगितलं की ‘कम ओव्हर फनी’ किंवा ‘फनी टर्न’ म्हणजे घेरी आल्यासारखं, जीव घाबरा झाल्यासारखं होणं. ऐकलं आणि मला रडू आलं. मिरजेत नऊ वर्षं मी हेच वाक्य रोज ऐकत होते: ‘‘सिस्टर, कसंतरीच होतंय.’’ तिथं हे तीन शब्द कानावर पडले की हातातलं काम टाकून मी नाडी बघायला धावायचे. तेच इंग्रजीत ऐकलं आणि जागची हलले नाही.

मी 2019च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये आले. साउथ यॉर्कशरमधल्या एका सरकारी रुग्णालयात, वृद्धांच्या वॉर्डात. येण्याआधी आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी असते ती ओईटी ही इंग्रजीची परीक्षा मी दिली होती. तिच्यात बोलण्याच्या भागात पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद असतात. समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो आणि आपण नर्स. मी त्याची तयारी सहा महिने केली. हायपरटेन्शन, डिस्चार्ज, फॉलोअप, सगळं पाठ. इथं आल्यावर नॉर्दम्प्टनला जाऊन प्रत्यक्ष कामाची परीक्षाही दिली आणि तीही पास झाले. माझं इंग्रजी कच्चं होतं असं मला अजूनही वाटत नाही. डॉक्टरांशी बोलताना, चार्ट लिहिताना कधी अडलं नाही. अडलं ते आजारी माणसाशी बोलताना. आजारी माणूस पुस्तकातली भाषा बोलत नाही, आईनं शिकवलेली बोलतो.

हे मला नवं असायला नको होतं. मिरजेच्या दवाखान्यांत अथणी, विजापूर, बेळगावकडचे रुग्ण पहिल्यापासून येतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी ‘एल्ली नोवु?’, म्हणजे कुठं दुखतंय, एवढं कानडी मी शिकले होते. आणि मराठीतच किती प्रकार! कळ येते, ठणका लागतो, चमक मारते, उसण भरते, पायात गोळे येतात, पोटात मुरडा येतो, अंग मोडून येतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. इंग्रजी फॉर्मवर या सगळ्यासाठी ‘पेन’ असा एकच रकाना असायचा. ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांतला फरक ज्या नर्सला कळत नाही तिला रुग्णाचं निम्मं दुखणं कळत नाही. इथं आता ती नर्स मी होते.

त्या रात्री खोलीवर जाऊन मी एक छोटी वही काढली, गणवेशाच्या खिशात मावेल अशी. तीन रकाने आखले. पहिल्यात ऐकलेले शब्द. दुसऱ्यात कुणी, कधी, कोणत्या प्रसंगी म्हटलं. नाव कुणाचंच नाही, फक्त ‘वयस्कर बाई, जेवणानंतर’, ‘मुलगा, फोनवर’ असं. तिसऱ्यात मराठी. तिसऱ्या रकान्यासाठी एक नियम ठरवला: नुसता अर्थ लिहायचा नाही. त्याच प्रसंगी मिरजेतला माणूस काय म्हणाला असता, ते सापडेपर्यंत रकाना रिकामा ठेवायचा. काही रकाने दोन-दोन महिने रिकामे राहिले.

पहिला रकानाही मी देवनागरीतच लिहिला. सुरुवातीला इंग्रजी स्पेलिंग लिहायला जायचे आणि फसायचे, कारण इथं लोक जे बोलतात त्याचं स्पेलिंग मला येत नव्हतं आणि ज्याचं येत होतं तसं कुणी बोलत नव्हतं. ‘नाउट’ म्हणजे काही नाही. ‘आउट’ म्हणजे काहीही, बाहेर नव्हे. ‘सम्मट’ म्हणजे काहीतरी. ‘द’ हा शब्द तर नुसता अडखळल्यासारखा येतो: ‘डाउन ट्-पिट’, ‘इन ट्-कबर्ड’. आपली लिपी कानाला ऐकू येईल तसं लिहू देते. वही देवनागरीत ठेवली म्हणून माझे कान तयार झाले, असं मला मनापासून वाटतं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मराठी मुलीला मी हेच सांगते.

सगळ्यात आधी भरलं ते संडास-लघवीचं पान. सकाळच्या फेरीत अनुभवी नर्स रुग्णाला विचारायची, ‘‘हॅव यू बीन?’’ कुठं जाऊन आलात? मला वाक्य अर्धवट वाटायचं. तिसऱ्या रकान्यात उत्तर आपसूक आलं: ‘‘जाऊन आलात का?’’ आपल्याकडे खेड्यातली म्हातारी माणसं ‘परसाकडं’ जातात, ‘बाहेर’ जातात. कुठं ते कुणी विचारत नाही. इथंही तसंच. लघवीच्या तक्रारीला ‘वॉटरवर्क्स’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पाणीपुरवठा. आणि जुन्या पिढीतल्या बायका ‘पेनी खर्च करायला’ जातात, कारण एके काळी सार्वजनिक शौचालयाचं दार एक पेनी टाकल्याशिवाय उघडायचं नाही. एक आजी मला दोनदा म्हणाल्या की त्यांना पेनी खर्च करायची आहे. मी कपाटातली त्यांची पर्स काढून दिली. त्यांनी ती घेतली, मांडीवर ठेवली आणि गप्प बसल्या. थोड्या वेळानं मी बघितलं तर चादर ओली होती. त्यांच्या चेहऱ्यावरची लाज मला अजून दिसते. तो रकाना मी लाल शाईनं लिहिला.

काही शब्द मला येत होते, म्हणूनच ते धोक्याचे होते. माहीत नसलेला शब्द आला की माणूस थांबतो, विचारतो. माहीत असलेला असला की पुढं जातो. ‘सिक’ म्हणजे आजारी, हे आपण शाळेत शिकतो. इथं ‘शी हॅज बीन सिक ट्वाइस’ म्हणजे त्यांना दोनदा उलटी झाली. ‘टी’ म्हणजे चहा, पण इथं संध्याकाळचं जेवणही ‘टी’ आणि दुपारचं ‘डिनर’. ‘ही गोळी मी टीनंतर घेतो’ असं कुणी म्हटलं, तर कोणत्या वेळेची ते नीट विचारून घ्यावं लागतं. ‘स्टार्व्ह्ड’ असं एखादी म्हातारी बाई म्हणाली तर तिला भूक लागलेली नसते, ती थंडीनं गारठलेली असते. ‘व्हाइल’ म्हणजे ‘असताना’. यॉर्कशरमध्ये मात्र ‘पर्यंत’. सहकारी म्हणाली, ‘‘ही इज निल बाय माउथ व्हाइल टू.’’ दोनपर्यंत तोंडातून काही द्यायचं नाही, असं तिला म्हणायचं होतं. मी तिला पुन्हा विचारलं. पुन्हा विचारायची सवय मला पेनीच्या प्रसंगानं लावली होती.

आणि ‘स्पाइस’. मधुमेहाचे एक आजोबा होते. दुपारची साखर अचानक चढलेली. मी विचारलं, बाहेरचं काही खाल्लंत का? म्हणाले, ‘‘नाउट, लव्ह. जस्ट अ बिट ऑफ स्पाइस.’’ नात घेऊन आली होती म्हणे. स्पाइस म्हणजे मसाला. मसाल्यानं साखर कशी चढेल? मी ‘बाहेरचं काही खाल्लं नाही’ असं लिहिणार होते. पण हात थांबला. मसाला कुणी नुसता खातं का, आणि यॉर्कशरची नात आजोबांना मसाला कशाला आणेल? मी विचारलं, ‘‘दाखवाल का मला?’’ त्यांनी उशीखालून कागदाची पिशवी काढली. आत रंगीत, साखरेत घोळलेल्या गोळ्या होत्या. साउथ यॉर्कशरमध्ये गोळ्या-चॉकलेटांना स्पाइस म्हणतात. तिसऱ्या रकान्यात मी ‘खाऊ’ लिहिलं. नात आजोबांसाठी खाऊ घेऊन आली होती.

यापेक्षा अवघड होतं ते कमी करून बोललेलं ओळखणं. इथली जुनी माणसं दुखणं फुगवून सांगत नाहीत. छातीत कळ आली तरी ‘अ बिट ऑफ अ ट्विंज’, म्हणजे जराशी चमक. कसं वाटतंय म्हटलं की ‘नॉट सो बॅड’, ‘मस्टंट ग्रम्बल’, म्हणजे कुरकुर करून कसं चालेल. एखादे आजोबा म्हणतात, ‘‘आय अ‍ॅम नॉट सो क्लेव्हर टुडे.’’ त्यांना हुशारीबद्दल काही म्हणायचं नसतं. आज बरं नाही, आणि बऱ्यापैकी बरं नाही. दुखणं शून्य ते दहात मोजायला सांगितलं की हीच माणसं ‘तीन’ म्हणतात आणि खाटेचा कठडा घट्ट धरून ठेवतात. आम्हा नर्सांची भाषाही तशीच. ड्यूटी बदलताना ‘शी इज क्वाइट पूअर्ली’ असं ऐकलं तेव्हा मला वाटलं, थोडं बरं नसेल. पण या वॉर्डात ते वाक्य म्हणजे आपल्याकडचं ‘पेशंट सिरियस आहे’. तिथून पुढं मी शब्दांचा जोर ऐकायचं सोडलं आणि आवाज किती खाली गेला ते ऐकायला लागले. माझी सांगलीची आजी अशीच होती. हात मोडला होता तेव्हा म्हणाली होती, ‘‘जरा मुरगळल्यासारखं वाटतंय गं.’’

आता बोलण्याबद्दल, कारण ऐकायला शिकण्यापेक्षा ते शिकायला मला जास्त वेळ लागला.

चौथ्या-पाचव्या महिन्यात आमच्या वॉर्डप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. (त्यांना इथं ‘सिस्टर’ म्हणतात, आपल्याकडे प्रत्येक नर्स सिस्टर असते, इथं तो हुद्दा आहे.) फार मायेनं बोलल्या. काम उत्तम आहे, पण काही रुग्णांना माझं बोलणं तुटक वाटतं, हुकूम सोडल्यासारखं. मला धक्का बसला. मी तर सगळ्यांशी आदरानं बोलत होते. खोलीवर येऊन दिवसभरात बोललेली वाक्यं आठवून आठवून लिहिली. ‘सिट डाउन.’ ‘टेक युअर टॅब्लेट.’ ‘गिव्ह मी युअर हँड.’ मग शेजारी मराठी लिहिलं: बसा. गोळी घ्या. हात द्या बघू. मराठीत हे सगळं आदराचं होतं. आपला मान क्रियापदाच्या शेवटात असतो. ‘बस’चं ‘बसा’ केलं की झालं. इंग्रजीत मी ‘सिट’ म्हटलं तेव्हा तो ‘आ’ वाटेतच गळून पडला आणि समोरच्या आजोबांना ऐकू आलं ते ‘बस’.

मग इंग्रजीतला तो ‘आ’ कुठं असतो, हे शोधायला लागले. दोन आठवडे फक्त तेवढंच ऐकलं. तो बारक्या शब्दांत होता. ‘जस्ट’. ‘पॉप’. ‘फॉर मी’. ‘इफ दॅट्स ऑलराइट’. ‘शॅल वी’. असिस्टंट म्हणायची, ‘‘कॅन यू जस्ट पॉप युअर आर्म आउट फॉर मी, लव्ह?’’ शब्दागणिक बघितलं तर त्यात हात बाहेर काढा यापलीकडे काही नाही, आणि मी ते सगळे शब्द फालतू म्हणून गाळत होते. परीक्षेच्या तयारीत आम्हाला स्वच्छ, नेमकं बोलायला शिकवलं होतं. पण ते बारके शब्द म्हणजेच इथलं आदरार्थी बहुवचन आहे. ते कळल्यापासून मी एकही गाळला नाही.

‘वुड यू माइंड’चाही असाच घोळ होता. ‘वुड यू माइंड हेल्पिंग मी?’ असं कुणी विचारलं की मी उत्साहानं ‘येस’ म्हणायचे आणि समोरची क्षणभर थांबायची. कारण खरा प्रश्न ‘काही हरकत आहे का?’ असा असतो, आणि मी सांगत होते, हो, हरकत आहे. ‘हरकत नाही ना?’ ‘नाही, नाही!’ हे मराठीत आपण रोज करतो. तिसरा रकाना भरला आणि ती चूक परत झाली नाही.

नावानं हाक मारणं मात्र मला जड गेलं. यॉर्कशरमध्येच वृद्धांच्या वॉर्डात काम करणाऱ्या केट ग्रेंजर नावाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांना कर्करोग झाला. 2013 साली रुग्ण म्हणून खाटेवर असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करायला येणारी कितीतरी माणसं स्वतःचं नावच सांगत नाहीत. त्यातून त्यांनी ‘हॅलो माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. 2016च्या जुलैत त्या गेल्या, पण ते वाक्य राहिलं. मी रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी ते म्हणते. त्यापुढं विचारायचं असतं, तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल? आणि नव्वद वर्षांचे गृहस्थ आपलं पाळण्यातलं नाव सांगतात. मिरजेत मी आजोबा, मावशी, काका म्हणायचे. वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला नुसतं नावानं हाक मारताना जीभ वळायची नाही. सहा महिने मी नाव टाळूनच बोलत राहिले. मग हळूहळू इथल्या ‘लव्ह’नं मला सोडवलं. बसचालक, दुकानदार, रुग्ण, सगळे एकमेकांना लव्ह म्हणतात. मी ते पहिल्यांदा म्हटलं ते वर्षभरानं, एका आजींचे केस विंचरताना, न ठरवता. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. त्यांना त्यात वेगळं काही वाटलंच नाही, आणि मला तेच हवं होतं. वहीत मी ‘मावशी’ लिहिलं.

2020चा मार्च आला आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले. तोवर मला वाटत होतं की माझे कान तयार झालेत. पण मी निम्मं ओठांवरून वाचत होते, हे ओठ झाकल्यावर समजलं. रुग्णांनाही माझं बोलणं समजेना. नातेवाइकांना भेटायला बंदी, सगळं फोनवर.

त्या काळात मला एकच शब्द बोलायला सगळ्यात कठीण गेला. पहिल्या वर्षी एकदा ड्यूटी देताना मी म्हटलं होतं, नऊ नंबरचे पेशंट रात्री एक्सपायर झाले. आपल्याकडच्या दवाखान्यांत हाच शब्द रूढ आहे, फाइलवरही तोच. खोलीत एकदम शांतता पसरली. इथं दूध एक्सपायर होतं, इंजेक्शन एक्सपायर होतं. मग मी ‘पास्ड अवे’ शिकले. पण कोविडच्या महिन्यांत आम्हाला सांगितलं गेलं की फोनवर शब्द मोघम नकोत, ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहायला नको. ‘डाइड’ असंच म्हणायचं. एका मुलीला पहाटे फोन करायचा होता. मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. माझ्या डोक्यात ‘डाइड’च्या शेजारी ‘मेले’ असं लिहिलेलं होतं, आणि कुणाच्या लेकीला ‘तुझे वडील मेले’ असं मी आयुष्यात म्हणू शकले नसते. मग मी वही उघडली आणि ते खोडून ‘वारले’ लिहिलं. या माणसांच्या तोंडी या शब्दाचं वजन तेवढंच आहे, हे दीड वर्ष ऐकत होते, लिहिलं मात्र नव्हतं. मग फोन लावला. ‘‘आय अ‍ॅम सो सॉरी. युअर डॅड हॅज डाइड.’’ ती म्हणाली, ‘‘ही इज गॉन, देन.’’ गेले म्हणजे. मी म्हटलं, हो. पुढं बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही, आणि फोनही ठेवला नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात एक आजोबा आमच्याकडे बरेच आठवडे होते. तरुणपणापासून कोळशाच्या खाणीत काम केलेले, 1984-85च्या संपात वर्षभर बिनपगारी काढलेले. फुफ्फुसं खाणीत गेलेली. रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा, जास्त नाही. रात्री त्यांना झोप यायची नाही. श्वास पुरेल तेवढी छोटी वाक्यं बोलायचे. खाणीत नेलेल्या जेवणाला ‘स्नॅप’ म्हणायचे. मी त्यांना सांगितलं, माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते आणि रात्रपाळीला भाकरी बांधून न्यायचे. कशात बांधून, विचारलं. फडक्यात, म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांचा पत्र्याचा डबा होता; फडकं असतं तर उंदरांनी खाल्लं असतं.

त्यांच्या बोलण्यात एक आवाज मला लागत नव्हता. कधी ‘यू’ म्हणायचे, कधी ‘दा’, ‘दी’. डॉक्टरांना नेहमी ‘यू’. बायकोला फोनवर ‘दा’. मला पहिले कित्येक दिवस ‘यू’. असिस्टंटला विचारलं. ती इथलीच, खाणकामगाराची नात. म्हणाली, ही जुनी बोली. इंग्रजीतून इतरत्र गेलेला ‘दाउ’, म्हणजे ‘तू’, इथं अजून आहे. आणि तिच्या आजीची म्हण सांगितली: ‘‘डोंट दी दा मी. दी दा दिसेन, अँड सी हाउ दा लाइक्स इट.’’ मी हातातलं काम ठेवून तिला ती तीनदा म्हणायला लावली. मला अरे-तुरे करू नकोस. स्वतःला करून बघ, कसं वाटतं ते. इंग्रजीत तू आणि तुम्ही नाही, असं शाळेपासून ऐकत आले होते. इथं एका वॉर्डात ते दोन्ही होते.

नाताळच्या आधीची एक रात्र. पहाटेचे चार. दोन नवे रुग्ण, एक जण पडलेला, रात्रभर बूड टेकलं नव्हतं. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. 90. त्यांनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘सिट दिसेन डाउन, लास. दा लुक्स जिगर्ड.’’

मी बसले. खिशातून वही काढली. तिसऱ्या रकान्यासाठी त्या वेळी शोधावं लागलं नाही.

बस गं पोरी. दमलीस.